जिवंत असल्याचा पुरावा म्हाताऱ्या माणसाने का द्यायचा?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

वर्ष सुरू झाले की तहसील कचेरीतल्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेसमोर, बँकेच्या पायऱ्यांवर आणि सेतू केंद्राच्या दारात म्हातारी माणसे बसलेली दिसू लागतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार कार्डाच्या चार झेरॉक्स, पासबुक, शिधापत्रिका आणि दोन फोटो. काम एकच, आपण जिवंत आहोत हे सांगायचे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना असो की संजय गांधी निराधार अनुदान योजना, वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो वेळेत पोहोचला नाही की महिन्याचे १५०० रुपये थांबतात. थांबल्याचे कळते ते पैसे काढायला गेल्यावर. तोवर रिक्षाचे किंवा जीपचे भाडे गेलेले असते, सोबत आलेल्या सुनेची किंवा नातवाची मजुरी बुडालेली असते.

ज्येष्ठांसाठी योजना कमी आहेत, असे आम्हाला वाटत नाही. पण जवळजवळ प्रत्येक योजनेत पुरावा गोळा करण्याचे ओझे, ज्याला चालवत नाही आणि नीट दिसत नाही त्याच माणसाच्या खांद्यावर टाकले आहे. हे ओझे ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिकेने उचलले पाहिजे. त्यांना ते उचलताही येते, कारण हवी असलेली बरीच माहिती त्यांच्याच कपाटात पडून आहे.

हयातीचेच घ्या. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. त्यानुसार मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्यावी लागते. ग्रामीण भागात ही नोंद करणारा निबंधक म्हणजे आपला ग्रामसेवक, आताच्या पदनामाने ग्रामपंचायत अधिकारी. शहरात हे काम पालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते. २०२३ च्या दुरुस्तीने या नोंदी राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर एकत्र ठेवण्याचीही तरतूद झाली. म्हणजे गावात कोण गेले हे ज्या कार्यालयाला अधिकृतपणे ठाऊक आहे, त्याच कार्यालयाच्या हद्दीतली ८२ वर्षांची बाई आपण गेलेलो नाही हे सांगायला तालुक्याला जाते. निबंधकाने दरमहा मृत्यूंची यादी तहसीलच्या संगायो शाखेला पाठवावी, शाखेने ती लाभार्थ्यांच्या यादीशी ताडून पाहावी, आणि ज्यांची नावे जुळतील तेवढ्यांचेच अनुदान पडताळणी करून बंद करावे. एका गावाची यादी महिन्याला फार तर पानभर भरेल.

यात अडचणी आहेत, आणि त्या आम्ही लपवत नाही. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. माणूस जिल्ह्याच्या रुग्णालयात गेला तर नोंद शहरात राहते आणि गावाच्या वहीत काहीच येत नाही. काही नोंदी उशिरा होतात, काही होतच नाहीत. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असतो. त्यामुळे मृत्यूची नोंद नाही म्हणजे माणूस हयात आहे, असे डोळे मिटून धरता येणार नाही. पण एवढ्यासाठी सगळ्यांना तालुक्याला बोलावण्याची गरज नाही. वर्षातून एकदा घरी जाऊन पाहिले की उरलेली शंका मिटते.

घरी जाणे शक्य नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने लोकसभेची २०२४ ची निवडणूक आठवावी. ८५ वर्षांवरील मतदारांनी १२-ड क्रमांकाचा अर्ज भरून दिला तर मतदान अधिकाऱ्यांचे पथक मतपत्रिका घेऊन घरी जात होते, सोबत पोलिस आणि चित्रीकरण करणारा माणूसही असे. गुप्त मतदानासारखे नाजूक काम घरात जाऊन होते, मग एक सही किंवा अंगठा का होऊ नये? बँकांबाबतही रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच सांगितले आहे की ७० वर्षांवरील ज्येष्ठांना आणि आजारी किंवा अपंग ग्राहकांना रोख रक्कम, केवायसीची कागदपत्रे आणि हयातीचा दाखला यांसाठी घरपोच सेवा द्यावी. शाखेत जाऊन ही सेवा लेखी अर्ज करून मागावी. तोंडी मागितली की ‘आमच्याकडे माणूस नाही’ हे उत्तर मिळते, लेखी मागितली की निदान उत्तर कागदावर द्यावे लागते.

आता अंगठ्याचे. यंत्र अंगठा घेत नाही तेव्हा खिडकीतला माणूस म्हणतो, ‘आजी, नीट दाबा.’ आजी नीटच दाबत असतात. वयाबरोबर कातडी सैल आणि कोरडी होते, बोटांवरच्या रेषा सपाट होतात. ज्या हातांनी चाळीस वर्षे भांडी घासली, खुरपे धरले, चुन्या-सिमेंटचे काम केले, त्या हातांवर त्या रेषा उरलेल्याच नसतात. जोराने दाबले तर उरलेल्या रेषाही पसरतात आणि ठसा आणखी बिघडतो. हात कोमट पाण्याने धुवावा, पुसावा, बोटाच्या टोकाला किंचित ओलसर फडके लावावे आणि बोट हलकेच टेकवावे. अंगठा गेला तर अनामिका किंवा मधले बोट पाहावे, त्यांची झीज बहुधा कमी असते. यंत्राची काचही प्रत्येक माणसानंतर पुसावी. दिवसभराच्या तेलकट ठशांनी ती माखलेली असते आणि दुपारनंतर नकार वाढतात, हे यंत्रावर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. डोळ्यांच्या यंत्राला मोतीबिंदू आडवा येतो. सरकारी निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीसाठी चेहरा पडताळणीची सोय २०२१ पासून आहे. ती साध्या स्मार्टफोनवर होते, आणि बोटे झिजलेल्या माणसाला सगळ्यांत सोयीची तीच. फक्त तोंडावर समोरून उजेड हवा, पाठीमागे उघडी खिडकी नको, चष्मा काढायचा आणि सांगितल्यावर डोळ्यांची उघडझाप करायची. ज्या योजनांत ही सोय अजून हाताशी नाही तिथे ग्रामपंचायत अधिकारी किंवा तलाठी यांनी समक्ष पाहून केलेला पंचनामा ग्राह्य धरावा. यंत्राला बोट पटले नाही म्हणून माणसाचे पोट मारायचे, हा न्याय नव्हे.

अंगठ्याशीच जोडलेली एक फसवणूक इथे सांगून ठेवायला हवी. गावात फिरणारे बँक मित्र, म्हणजे बँकेने नेमलेले प्रतिनिधी, आधारवर पैसे काढून देतात. त्यांच्यातले बहुतेक प्रामाणिक आहेत आणि त्यांच्यामुळे म्हाताऱ्या माणसांची बँकेची फेरी वाचते. पण एखादा ‘जुळले नाही, परत लावा’ म्हणतो तेव्हा पहिला व्यवहार झालेलाही असू शकतो. प्रत्येक अंगठ्यानंतर, व्यवहार फसला असे सांगितले तरीसुद्धा, छापील पावती मागावी. महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्यावे आणि ते घरातल्या किंवा शेजारच्या वाचता येणाऱ्या माणसाने पाहावे. ग्रामपंचायतीने बँक मित्राचा दिवस आणि जागा ठरवून द्यावी, उदाहरणार्थ दर महिन्याच्या ठरलेल्या गुरुवारी पंचायतीच्या ओट्यावर. चारचौघांत व्यवहार झाला की निम्मा धोका तिथेच टळतो.

पैसे न येण्याचे आणखी एक कारण असते आणि ते फार थोड्यांना समजावून सांगितले जाते. ‘आधार खात्याला जोडले आहे’ आणि ‘अनुदान याच खात्यात येईल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेट लाभाची रक्कम आधार क्रमांकावरून पाठवली जाते तेव्हा सर्वांत शेवटी ज्या बँकेने एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) यादीत तो क्रमांक स्वतःकडे नोंदवला असेल, तिथे ती जाते. एखाद्या आजोबांनी मध्येच कुठल्या शिबिरात पोस्टाचे किंवा नवे जनधन खाते उघडले असेल तर पैसे गुपचूप तिकडे वळतात. ते जुन्या पासबुकात शोधत राहतात आणि तहसीलमधला संगणक ‘रक्कम जमा’ असे दाखवतो. दोघेही खरे बोलत असतात. आधारच्या संकेतस्थळावर या नोंदीची, म्हणजे बँक सीडिंगची, स्थिती पाहिली की कोणत्या बँकेत आणि ते चालू आहे की बंद हे दिसते, पण त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी यावा लागतो. तो मोबाइल बहुतेक वेळा दूर राहणाऱ्या मुलाचा असतो किंवा रिचार्ज न केल्याने बंद पडलेला असतो. म्हणून पहिले काम मोबाइल क्रमांक बदलण्याचे, दुसरे सीडिंग पाहण्याचे, आणि मगच तहसीलमध्ये अर्ज. हा क्रम उलटा केला की तीन फेऱ्या वाया जातात.

कागदांत नाव आणि वय यांची तऱ्हा तर विचारायलाच नको. आधारवर सासरचे नाव, बँकेत माहेरचे, शिधापत्रिकेवर नुसते ‘सखूबाई’ किंवा ‘अमक्याची आई’. जन्मतारखेच्या जागी १ जानेवारी आणि अंदाजे वर्ष. आधार काढताना ऑपरेटरने अंदाजाने ५८ लिहिले आणि बाई प्रत्यक्षात सत्तरीच्या असल्या तरी संगणक त्यांना पात्र मानत नाही. आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून घाईने बदलू नये. श्रावणबाळसाठी वयाचा पुरावा म्हणून जन्मनोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिकेत किंवा मतदार यादीत लिहिलेल्या वयाचा उतारा किंवा शासकीय रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला चालतो. आधी हे सगळे कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. सर्वांत जुना आणि सर्वांत भक्कम कागद कोणता ते ठरवावे, आणि बाकीचे त्याच्याशी जुळवून घ्यावेत. जुन्या मतदार याद्या या कामी फार उपयोगी पडतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या आधार दुरुस्तीसाठी शुल्क भरून ऑपरेटर घरी बोलावण्याची सोय आहे. गावात असे चार-पाच जण असतील तर एकाच दिवशी बोलावून ते शुल्क पंचायतीने भरावे.

याच्या उलट एसटी पाहा. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीत मोफत प्रवास आहे आणि ६५ ते ७५ या वयात निम्मे तिकीट. ही योजना सुरू झाली आणि चालली, कारण तिथे उत्पन्नाचा दाखला नाही, अर्ज नाही, हयातीचा पुरावा नाही. कंडक्टरने वय पाहिले की काम झाले. एक पुरावा आणि एकच माणूस जिथे निर्णय करतो ती सेवा म्हाताऱ्या माणसापर्यंत पोहोचते, हे आपल्याच राज्यात सिद्ध झालेले आहे.

उत्पन्नाच्या मर्यादेबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. श्रावणबाळ योजनेत दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलेल्या कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. महिन्याला १७५० रुपये होतात, आणि तेही सगळ्या कुटुंबाचे. लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाख आहे आणि वयाची अट २१ ते ६५. म्हणजे वर्षाला लाखभर कमावणाऱ्या घरातल्या बाईला ६५ पर्यंत महिना १५०० रुपये मिळू शकतात आणि ६५ पूर्ण झाली की काहीच नाही, कारण श्रावणबाळच्या २१ हजारांत ती बसत नाही. ज्या वयात हातपाय थकतात आणि औषधे सुरू होतात नेमक्या त्याच वयात पैसे बंद! हा नियम बदलणे ग्रामपंचायतीच्या हातात नाही. पण येत्या वर्षभरात कोणकोणत्या बायका ६५ च्या होणार आहेत याची यादी तिला आजच करता येते, आणि त्यांपैकी ज्या श्रावणबाळला पात्र आहेत त्यांचे अर्ज आधीच तयार ठेवता येतात. उत्पन्नाच्या दाखल्याला लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे १५ दिवसांची मुदत आहे. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी. दाखला वेळेत मिळाला नाही किंवा नाकारला तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते, आणि विनाकारण दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. पोच नसेल तर यातले काहीच करता येत नाही.

ग्रामपंचायतीने काय करावे, असे कोणी विचारले तर आमचे पहिले उत्तर एका वहीचे आहे. ज्येष्ठांची नोंदवही, वॉर्डनिहाय. २०११ च्या जनगणनेत राज्यातली सुमारे दहा टक्के लोकसंख्या ६० वर्षांवरची होती. तीन हजारांच्या गावात त्या हिशेबाने तीनशेच्या आसपास नावे येतील. प्रत्येकासमोर नाव आधारवर, बँकेत आणि शिधापत्रिकेवर जसे आहे तसे, तीन वेगळ्या रकान्यांत लिहावे. त्यापुढे जन्मवर्ष आणि त्याचा पुरावा, कोणता लाभ चालू आहे, कोणत्या बँकेत जमा होतो, मोबाइल कोणाचा, घरात सोबत कोण, चालता येते की नाही, ऐकू आणि दिसते कितपत, रोजची औषधे आहेत का, आणि अडचणीत प्रथम कोणाला कळवायचे. हे भरायला एका घरी २० मिनिटे लागतात. आशा, अंगणवाडी सेविका आणि रोजगार सेवक वॉर्ड वाटून घेऊन गेले तर महिनाभरात वही पुरी होते. मात्र या बायांकडून आणखी एक फुकटचे काम करून घेऊ नका. आशांना कामानुसार मोबदला मिळतो, तसा प्रत्येक नोंदीमागे आणि प्रत्येक भेटीमागे मोबदला पंचायतीने स्वनिधीतून ठरवावा.

वहीबाबत एक सक्त सूचना. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी कधीही फलकावर किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. चोराला हवी असलेली हीच यादी असते. आधार क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे लिहावेत. पासबुकाचे फोटो कोणाच्या खासगी मोबाइलमध्ये राहू देऊ नयेत. वही कपाटात, किल्ली ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे.

वही झाली की तीन गोष्टी तिच्यातून आपोआप निघतात. घराबाहेर न पडू शकणाऱ्यांची यादी निघते, त्यांच्याकडे हयातीची भेट द्यायची. समजा असे ३० जण निघाले आणि रोज चार घरे केली तर आठ दिवसांचे काम आहे. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांची यादी निघते, त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील कोणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार या कार्डावर मिळतात. घरात आधीचे आयुष्मान कार्ड असले तरी हे वेगळे काढावे लागते, आणि लोक नेमके इथेच फसतात. हे कार्ड प्रत्येक रुग्णालयात चालत नाही, म्हणून जवळची योजनेत असलेली रुग्णालये कोणती ते कार्डाच्या मागे चिठ्ठीवर लिहून द्यावे. रात्री अकरा वाजता घाबरलेल्या घरच्यांना संकेतस्थळ शोधता येत नाही. तिसरी यादी काठी, वॉकर, चष्मा किंवा श्रवणयंत्र लागणाऱ्यांची.

त्यासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या ज्येष्ठाला साहित्यासाठी एकदाच ३००० रुपये खात्यात मिळतात आणि खरेदीचे बिल सादर करावे लागते. बिल राहिले की पुढे विचारणा होते, म्हणून दुकानातून निघतानाच पक्के बिल घ्यावे. पण खरी चूक होते ती मापात. काठी घेताना माणसाला रोजच्या चपलांत सरळ उभे करावे, हात मोकळे सोडायला सांगावे. मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ आली पाहिजे. काठी धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. मूठ त्याहून उंच असली तर खांदा उचलला जातो आणि आठ दिवसांत मान धरते, खाली असली तर माणूस पुढे झुकतो आणि पडतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हे तर बहुतेकांना कोणी सांगितलेलेच नसते. खालचे रबरी बूच झिजून गुळगुळीत झाले की ओल्या फरशीवर काठी साबणासारखी सरकते. बूच काही रुपयांत मिळते आणि खुब्याचे हाड मोडले तर घर बसते. उपकेंद्रात अशी शंभर बुचे आणि एक मोजपट्टी ठेवायला कोणत्या मंजुरीची वाट पाहायची?

शहरांत अडचण वेगळी. विरंगुळा केंद्र मंजूर होते, बांधले जाते आणि पहिल्या मजल्यावर बांधले जाते. खाली व्यायामशाळा किंवा वाचनालय, वर म्हातारी माणसे. चाळीस पायऱ्या चढू शकणाऱ्याला विरंगुळा केंद्राची तेवढी गरजच नसते. केंद्र तळमजल्यावर हवे, उतार १ ला १२ हून तीव्र नको, दोन्ही बाजूंना कठडा हवा, कमोडचे स्वच्छतागृह आणि त्याशेजारी भिंतीत पक्की बसवलेली पकड हवी. उद्यानातल्या बाकांना पाठ आणि हात असावेत आणि बसायची उंची साधारण ४५ सेंटिमीटर असावी. हात नसलेल्या बुटक्या बाकावर माणूस बसतो, पण त्याला उठता येत नाही. सिग्नलचेही तसेच. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरून वेळ ठेवला तर १२ मीटरच्या रस्त्याला १० सेकंद मिळतात. काठी घेतलेला माणूस ०.८ मीटरने चालतो, त्याला १५ सेकंद लागतात. ती पाच सेकंदे तो वाहनांच्या मधोमध उभा असतो. रुग्णालय, बाजार आणि देवळाजवळच्या सिग्नलला एवढा वेळ वाढवणे हे एका दुपारचे काम आहे.

२००७ च्या ज्येष्ठांच्या चरितार्थाच्या कायद्याबद्दल थोडक्यात. मुले सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, तिथे वकील लागत नाही, स्वतःला जमत नसेल तर अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. या कायद्यात निर्वाहाची कमाल रक्कम महिना १०,००० रुपये ठेवली आहे. घर किंवा जमीन मुलाच्या नावे करून देणाऱ्यांनी ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द बक्षीसपत्रातच लिहून घ्यावेत. कलम २३ खाली ते रद्द करून मागायचे तर अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. ही माहिती पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. सोबत ज्येष्ठांच्या मदतीसाठीचा १४५६७ हा क्रमांकही. एकट्या ज्येष्ठांची यादी पोलिस ठाण्याने ठेवायची आणि महिन्यातून एकदा त्यांची विचारपूस करायची हेही या कायद्याखालच्या नियमांत आहे. गावच्या पोलिस पाटलांना ते माहीत असावे.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न नेहमी शेवटी येतो. दिव्यांगांसाठी स्थानिक संस्थांनी पाच टक्के निधी राखून ठेवायचा असतो, म्हणून निदान त्यावर जाब विचारता येतो. तसाच ज्येष्ठांसाठीचा रकाना अंदाजपत्रकात वेगळा दिसावा, रक्कम सुरुवातीला लहान असली तरी चालेल. वर सांगितलेल्या कामांत इमारत कुठेच नाही. वही, भेटींचा मोबदला, ऑपरेटरचे शुल्क, काठीची बुचे, भिंतीवरचा रंग, एवढाच खर्च आहे.

ग्रामसभेत मांडायला ठराव असा लिहिता येईल : ‘गावातील ६० वर्षांवरील सर्व व्यक्तींची नोंदवही तीन महिन्यांत पूर्ण करावी. घराबाहेर पडू न शकणाऱ्यांची हयात-पडताळणी दरवर्षी जानेवारीत घरी जाऊन करावी व एकत्रित यादी तहसील कार्यालयास द्यावी. मृत्यूची मासिक यादी निबंधकाने संजय गांधी योजना शाखेस पाठवावी. गावातील कोणाही लाभार्थ्याचे अनुदान प्रत्यक्ष घरी भेट दिल्याशिवाय व ३० दिवस आधी लेखी कळवल्याशिवाय थांबवू नये, अशी शिफारस तहसीलदारांकडे करावी. या कामाचा खर्च स्वनिधीतून भागवावा.’ ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का हे त्याच दिवशी पाहावे आणि सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्यावी. पुढच्या सभेत काम कुठवर आले हे विचारताना हातात ती नक्कल लागते.

आपले,
ज्येष्ठांच्या अर्ज-कागदांचे काम पाहणारे काही कार्यकर्ते